‘ब्लिट्झ’ : वीज कुठून निघाली आणि कुठे पडली

मुंबईत साठी ओलांडलेल्या कुणासमोरही ‘ब्लिट्झ’ म्हणा, त्याला रुसी करंजियांचं साप्ताहिक आठवेल. नानावटी खटला, मोठाले मथळे, शेवटच्या पानावर के. ए. अब्बास. पण हे नाव आलं ते थेट दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्यांतून. आणि मुंबईत पोचेपर्यंत या शब्दाने बऱ्याच कोलांट्या मारल्या होत्या.

जर्मन भाषेत ब्लिट्झ म्हणजे वीज. १ सप्टेंबर १९३९ला हिटलरने पोलंडवर हल्ला केला. रणगाडे आणि विमानं घेऊन जर्मन सैन्य झपाट्याने आत घुसलं. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याच महिन्यात याला ‘ब्लिट्झक्रीग’ म्हटलं, म्हणजे विजेसारखं युद्ध, आणि शब्द जगभर झाला. गंमत अशी की जर्मन लष्कराच्या अधिकृत कागदांत तो फारसा नव्हताच. नोव्हेंबर १९४१मध्ये तर खुद्द हिटलर भाषणात म्हणाला, हा शब्द मी कधीच वापरलेला नाही, मूर्खपणाचा शब्द आहे! (तेव्हा त्याचं सैन्य रशियात अडकलं होतं, हेही लक्षात घ्या.)

७ सप्टेंबर १९४०ला लंडनवर बॉम्ब पडायला लागले. पुढच्या ५७ रात्रींपैकी ५६ रात्री पडले. ब्रिटिश पेपरांनी ‘क्रीग’ कापून टाकलं आणि नुसतं ‘ब्लिट्झ’ ठेवलं. मथळ्यात बसायला बरं. अर्थ मात्र पार उलटला. वेगाने धावणाऱ्या फौजेचा शब्द आता तळघरात बसून रात्र काढणाऱ्या माणसाचा झाला. वीज क्षणात पडते, हे प्रकरण मे १९४१पर्यंत आठ महिने चाललं. लोकांनी त्याचं क्रियापदही केलं. घर पडलं की ते ‘ब्लिट्झ’ झालं म्हणायचे. ४० हजारांहून जास्त नागरिक या काळात मेले.

पण शब्दावर मालकी राहिली लंडनची. हल हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त घरांचं कमी-अधिक नुकसान झालं, बाराशेच्या आसपास माणसं गेली. सेन्सॉरमुळे बातमीत मात्र ‘ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर’ एवढंच यायचं. शत्रूला कळू नये हे कारण समजू शकतं. पण त्यामुळे स्वतःच्या देशालाही कळलं नाही. लंडनकरांच्या धीराच्या गोष्टी आजही सांगतात, हलच्या लोकांना मात्र पुढे कित्येक वर्षं आठवण करून द्यावी लागली की आम्हीही होतो.

जुलै १९४३ला ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी हॅम्बुर्ग जाळलं. आठवड्याभरात साधारण ३५ ते ४० हजार माणसं मेली, म्हणजे ब्रिटनमध्ये आठ महिन्यांत गेली जवळपास तेवढीच. इंग्रजी इतिहासाची पुस्तकं उघडून बघा, अशा बॉम्बफेकीचं नाव ‘एरिया बॉम्बिंग’. ऐकायला नगररचना खात्यातलं काम वाटतं.

आता मुंबई. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये चहा पिता पिता तीन पत्रकारांनी साप्ताहिक काढायचं ठरवलं असं सांगतात : करंजिया, बी. व्ही. नाडकर्णी आणि बेंजामिन हॉर्निमन. हॉर्निमन म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचं सर्कल फोर्टात आहे. जन्माने इंग्रज, पण पंजाबातले अत्याचार छापले म्हणून १९१९ साली इंग्रज सरकारनेच त्यांना हिंदुस्थानातून हाकललं होतं. १ फेब्रुवारी १९४१ला पहिला अंक निघाला. लंडनवर तेव्हा बॉम्ब पडतच होते. आणि इंग्रज ज्या शब्दाने आपलं दुःख सांगत होते, तोच शब्द इथे इंग्रज राजवटीवर तुटून पडणाऱ्या पेपरच्या डोक्यावर छापला गेला. हिटलरचं कौतुक त्यात नव्हतं, करंजिया डाव्या विचारांचे. त्यांना हवा होता तो शब्दातला मूळचा हल्ला, बॉम्बाखालची सोशिकता नव्हे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, हल्ला चालू राहिला. लक्ष्य बदलत गेली : भांडवलदार, मंत्री, कधी कधी चालू खटलेसुद्धा. १९५९च्या नानावटी प्रकरणात ‘ब्लिट्झ’ने आरोपीची बाजू इतकी उचलून धरली की बातमी संपून वकिली कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. अंक मात्र हातोहात जायचा.

साप्ताहिक नव्वदच्या दशकात बंद पडलं. करंजिया गेले १ फेब्रुवारी २००८ला, पहिल्या अंकाला बरोब्बर ६७ वर्षं झाली त्या दिवशी.