बारा बंदांची शिवण

अंबाजोगाईच्या आमच्या घरी आजोबांची एक पेटी आहे. तिच्या तळाशी मांजरपाटाची पिवळसर बाराबंदी सापडली. तशीच दुसरी हाताने शिवावी, असे मनात आले आणि गावातील एका वृद्ध शिंपीदादांकडे मी शिकायला जाऊ लागलो.

बाराबंदी म्हणजे बारा बंदांचा अंगरखा. पुढचे एक पाखे दुसऱ्यावर घ्यायचे आणि बंदांच्या सहा जोड्या बांधायच्या. गुंडीचे कामच नाही. मोगली जाम्याची बांधणीही अशीच असे. हिंदू डाव्या अंगाला आणि मुसलमान उजव्या अंगाला बंद बांधीत. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. दरबारी मंडळींत उभ्या गळपट्टीची, बटणांची शेरवानी प्रतिष्ठेची ठरली. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र बंडी आणि बाराबंदीच राहिली. सोलापूरला सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात.

पहिल्या प्रयत्नात मी सदऱ्यासारखा मुंढा गोल कापला. दादा नुसते हसले. हातमागाचे कापड अरुंद आणि मोलाचे. म्हणून जुन्या कापणीत पाठ, पाखे, बाह्या सारे जवळजवळ सरळ रेषेत बेतले जाई. चिंध्या उरत नसत. मग हात वर कसा जायचा? त्यासाठी काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. त्याला चौबगला म्हणतात. हात उचलला की तो उलगडतो आणि शिवणीवरचा ताण स्वतःवर घेतो.

शिवण नीट समजावी म्हणून जुनी बाराबंदी उसवू का, असे मी विचारले. दादांनी ती माझ्या हातून काढून घेतली. “उसवलीस तर कापड हाती येईल, बाराबंदी जाईल,” ते म्हणाले. मग ती उलटी करून त्यांनी आतील शिवणींवरून माझे बोट फिरवले. साध्या जोडाला धावदोरा, ओढ बसते तेथे हातटीप, कडेला दुमडून तुरपाई. खालच्या कडेची तुरपाई मात्र उलट्या बाजूला कललेली होती. तेव्हा आठवले, आजी डावखुरी होती. ती बाराबंदी शिंप्याने नव्हे, तिने शिवली होती. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

१८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनी थिमोनिए यांची शिवणयंत्रे मोडून टाकली. पण १८५१ साली अमेरिकेत सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे ते घरोघरी पोहोचले. त्याने कष्ट वाचवले, यात शंका नाही. परंतु यंत्राच्या टिपेवरून शिवणारा हात ओळखता येत नाही.

माझी बाराबंदी पुरी झाली. टाके वेडेवाकडे आहेत, पण ते उजव्या हाताचे आहेत. दोन्ही बाराबंद्या आता त्याच पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.