वयाच्या रकान्यात काय लिहिले आहे?

तरुण मातांच्या आरोग्यसेवेचा अभ्यास करायला निघालेला विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा : बाळंतपण दवाखान्यात झाले की घरी? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न मोलाचा होता. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात आज तो पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. महाराष्ट्राचा आकडा ९५ च्या घरात आहे. तरीही २०१८–२० या काळात कर्नाटकात दर लाख जिवंत जन्मांमागे ६९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९. म्हणजे बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोचते आहे. ती कोणत्या अवस्थेत पोचते, किती उशिरा पोचते आणि दाराच्या आत तिचे काय होते, हे विचारल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही. ज्यांना हे विचारायचे आहे, त्यांचे या क्षेत्रात स्वागत आहे.

आधी भूगोल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना हैदराबाद संस्थानी मुलूख तीन राज्यांत वाटला गेला, तेव्हा बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात आले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. भालकीची मुलगी उदगीरला द्यायची, देगलूरची औरादला आणायची, उमरगा-बसवकल्याण, अक्कलकोट-आळंद हे येणे-जाणे आजही चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीतही तशीच आहे. आता यात दवाखाना घाला. मुलीची नोंद सासरच्या उपकेंद्रात महाराष्ट्रात होते, रक्त तिथे तपासतात, लाल गोळ्या तिथे मिळतात. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती माहेरी येते आणि तिथली आशाताई तिला कन्नडमधल्या तायी कार्डाबद्दल विचारते. एका राज्याच्या कागदावर ती मध्येच तपासणी सोडून गेलेली, दुसऱ्या राज्याच्या कागदावर अगदी उशिरा उगवलेली. दोन्ही नोंदी खऱ्या आणि दोन्हींवरून काढलेला ‘सेवा न वापरणारी माता’ हा निष्कर्ष खोटा. रुग्णवाहिकेचा नंबर दोन्हीकडे १०८ आहे, पण सेवा दोन राज्यांच्या वेगळ्या. सीमेवरच्या गावाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही, अभ्यासकाला लागते.

या विषयावरचे लेखन अफाट आहे आणि त्यातले बरेचसे एकसुरी आहे. अमेरिकेतल्या रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ साली आरोग्यसेवेच्या वापराचे एक प्रारूप मांडले. माणसाची पार्श्वभूमी, त्याच्या हाताशी असलेली साधने आणि त्याची गरज यांवर सेवेचा वापर ठरतो, असे त्याचे सार. तेव्हापासून नायजेरियापासून नेपाळपर्यंत सर्वेक्षणांचे आकडे या चौकटीत बसवून शेकडो निबंध निघाले. निष्कर्ष वाचण्याआधीच ठाऊक असतो : शिकलेल्या, सधन, शहरातल्या मुली सेवा जास्त वापरतात. चूक काहीच नाही. नवे मात्र फार थोडे. नव्या वाचकाने त्याऐवजी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांच्या १९९४ च्या लेखापासून सुरुवात करावी. तीन उशिरांची त्यांची मांडणी साधी आहे : दवाखान्यात न्यायचे ठरवायला झालेला उशीर, तिथवर पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळायला झालेला उशीर. मग आशा जॉर्ज, अदिती अय्यर आणि गीता सेन यांचे कोप्पळ जिल्ह्यातले काम वाचावे. कोप्पळ हेही बिदर-कलबुर्गीसारखे कल्याण कर्नाटकातलेच. घरच्यांनी धावपळ केली, एकामागून एक उपचार करणारे गाठले, तरी बाई वाचली नाही, अशा कहाण्यांतून त्यांनी दाखवले की तिसरा उशीर हा व्यवस्थेचा दोष आहे. ‘अडाणीपणामुळे मेली’ म्हणून हात झटकणाऱ्यांना ते उत्तर आहे. मराठी मुलखातही हे काम झाले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांमधील मातामृत्यूंवर गणात्रा, कोयाजी आणि राव यांचा १९९८ चा अभ्यास आहे. मराठवाड्यात पाचोडच्या एका संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, तेव्हा तिथले लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष! हसू नये, त्या एका वर्षात मुलीचे शरीर आणि शाळा दोन्ही थोडी पुढे सरकतात.

आणि या सगळ्याच्या आधी आनंदीबाई जोशी आहेत. त्यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते थोड्याच दिवसांत गेले. पुढे १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला. या क्षेत्रातली पहिली मराठी अभ्यासक स्वतः अल्पवयीन माता होती, एवढे लक्षात असू द्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या क्षेत्रात सर्वांत आधी शंका घ्यावी ती वयाच्या रकान्यावर. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही त्यात ‘चांगली कामगिरी करणारी’ राज्ये ठरली आणि तिथे पैसे मिळण्यासाठी आईचे वय किमान १९ असण्याची व दोनच अपत्यांची अट पडली. २०१० च्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेतही १९ ची अट होती. हेतू उघड होता : लवकरच्या लग्नाला सरकारने पैसे देऊ नयेत. पण ज्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला रक्तदाब, झटके, कमी रक्त, कमी वजनाचे बाळ यांचा धोका जास्त, तिलाच योजनेबाहेर ठेवून लग्नाचे वय कसे वाढणार होते? लग्न ठरवणारे वेगळे आणि दंड भरणारी वेगळी. जननी सुरक्षेतली ही अट मे २०१३ मध्ये काढली, तोवर आठ वर्षे उलटली होती. माझे मत असे, की या वर्षांनी कागदावरच्या वयालाच वळण लावले. ज्या घरात जन्माचा दाखला नाही, तिथे विचारणाऱ्याला हवे तेच वय सांगितले जाते. एकोणीस हा आकडा त्या काळातल्या रजिस्टरांत दिसला तर तो वय म्हणून वाचण्याआधी अट म्हणून वाचावा.

पैशाची अट गेली, कायद्याची आली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध गुन्हा ठरवला आणि तो कळला तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले. त्यात नर्सही आली, डॉक्टरही. कर्नाटकाने बालविवाह प्रतिबंधक कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून असा विवाह मुळातच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात केंद्राचा २००६ चा कायदा तसाच लागू आहे. त्यात बहुतेक प्रसंगी विवाह आपोआप रद्द होत नाही, अल्पवयीन पक्षाने मागितले तर होतो. म्हणजे सतरा वर्षांची तीच मुलगी निलंग्यात विवाहित आणि भालकीत अविवाहित असू शकते, पोटातले बाळ एकच. हे कायदे नसावेत असे मी म्हणत नाही. पण नवऱ्याला किंवा बापाला अटक होईल या भीतीने तिला पहिले तीन-चार महिने घरात दडवले जाऊ शकते, किंवा वय वाढवून सांगून खासगी दवाखान्यात नेले जाऊ शकते, हे लक्षात न घेता लिहिलेला कोणताही अहवाल अर्धा समजावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपातापुरती थोडी वाट मोकळी केली : मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीला अशी सोय नाही.

सर्वेक्षणांच्या मर्यादाही इथेच सांगून टाकतो. कर्नाटकात १५ ते १९ वयोगटातल्या साधारण ५ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. वीस ते चोवीस वयातल्या २१ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, आणि हा आकडा आधीच्या फेरीपासून हललेला नाही. गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के रक्तक्षयी. हे आकडे उपयोगाचे आहेत, पण ते जिवंत बायकांनी दिलेले आहेत. बाळंतपणात गेलेली मुलगी प्रश्नावलीला उत्तर देत नाही. शिवाय त्यात बाळंतपणानंतरचे आयुष्य नाही. लवकर लग्न, लवकर मुले, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी नसबंदी आणि नंतर ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला, अशी एक साखळी या भागात दिसते. कलबुर्गीच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रियांच्या अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१५ च्या सुमारास गाजले, ते या साखळीचे शेवटचे टोक होते. तरुण मातेचा अभ्यास बाळंतपणानंतरच्या बेचाळिसाव्या दिवशी संपवणे ही सोय आहे, शास्त्र नव्हे.

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, उदगीर, उमरगा इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडे असे काही आहे, जे दूरच्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांकडे सहसा नसते : घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड, आणि कोणाकोणाला लमाणीही. त्यांनी हा विषय घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सुरुवात लांबलचक प्रश्नावलीने करू नये. उपकेंद्रातल्या सिस्टरची आणि आशाताईंची परवानगी घेऊन, संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मिळवून, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. सासूशी बोलावे, माहेरच्या आईशी बोलावे, आणि मुलीशी एकटीशी बोलायची सोय झाली तरच मुलाखत पुरी समजावी. अल्पवयीन मुलीचे नाव, गाव, तांडा, जात यांतले तिला ओळखता येईल असे काहीही वहीत लिहू नये, आणि आपल्यावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कुठे येते हे तिला बोलते करण्याआधीच सांगावे.