नियम, घड्याळ आणि इंधन : आरंभीच्या हवाई शर्यतींचे आयोजन आणि मध्यप्रांत-वऱ्हाड

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेने. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि त्या मार्गावरील चांदूर पुढे चांदूर रेल्वे या नावाने ओळखले जाऊ लागले. वाहतुकीचे नवे साधन एखाद्या प्रदेशात रुजते ते केवळ इंजिनाच्या बळावर नव्हे. रूळ, स्थानके, कोळसा, पाणी, वेळापत्रक आणि नियमावली ही सारी व्यवस्था त्यामागे उभी असावी लागते. रेल्वेच्या बाबतीत हे सहज मान्य होते. विमानाचा इतिहास मात्र बहुधा साहसी वैमानिकांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. वैमानिकाचे नाव उरते, आयोजन विस्मरणात जाते.

प्रस्तुत लेखात आरंभीच्या काळातील हवाई शर्यती व हलक्या विमानांच्या स्पर्धा यांचा विचार आयोजनाच्या अंगाने केला आहे. या शर्यती आकाशात झाल्या, तरी त्यांचा निर्णय बहुतांशी जमिनीवर ठरला, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी १९३० चे आगाखान पारितोषिक आणि १९३४ ची इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यत ही दोन उदाहरणे मुख्यत्वे घेतली आहेत. दुसऱ्या उदाहरणाचा एक महत्त्वाचा प्रसंग तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या भूमीवरच घडला.

नियमांतून घडलेले विमान

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे पहिला मोठा आंतरराष्ट्रीय हवाई मेळावा भरला. तेथील गॉर्डन बेनेट चषक अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस यांनी जिंकला. विमानांची तुलना करण्यासाठी ठरावीक मार्ग, वळणाचे खांब, वेळ मोजणारे अधिकारी आणि सर्वांना बंधनकारक नियम लागतात, हे अशा मेळाव्यांतून स्पष्ट झाले. १९२२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘किंग्ज कप’ शर्यतीत हँडिकॅपची पद्धत होती. प्रत्येक विमानाच्या अपेक्षित वेगाचे गणित करून मंद विमानास आधी व वेगवान विमानास नंतर सोडले जाई. त्यामुळे साध्या विमानालाही विजयाची संधी मिळे आणि वैमानिकाच्या कौशल्यास महत्त्व येई.

परंतु नियम जसा विमानास घडवतो तसा चुकीच्या दिशेलाही नेतो. १९२३ मध्ये इंग्लंडमधील लिम्प्ने येथे हलक्या विमानांची स्पर्धा झाली. इंजिनाची क्षमता ७५० घन सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी, अशी अट होती आणि एका गॅलन पेट्रोलमध्ये सर्वाधिक अंतर कापणाऱ्यास पारितोषिक होते. दोन विमानांनी गॅलनमागे ८७.५ मैल अंतर कापून ते विभागून घेतले. आकडा थक्क करणारा होता, पण अशी दुबळी विमाने रोजच्या वापरास अपुरी ठरली. स्पर्धेची अट पूर्ण झाली, गरज पूर्ण झाली नाही. ती गरज फेब्रुवारी १९२५ मध्ये प्रथम उडालेल्या ‘डी हॅविलँड मॉथ’ या विमानाने भागविली. अधिक शक्तीचे इंजिन, दोन आसने आणि घडी घालता येणारे पंख यांमुळे ते फ्लाइंग क्लबांचे आवडते विमान झाले. त्याचीच ‘जिप्सी मॉथ’ ही आवृत्ती पुढे भारतीय वैमानिकांच्या हाती आली.

आगाखान पारितोषिक : अटीने ठरविलेला विजेता

भारतात १९२७ मध्ये नागरी विमान वाहतूक विभाग स्थापन झाला. त्यापाठोपाठ १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची व कलकत्ता येथे फ्लाइंग क्लब उभे राहू लागले. मुंबईच्या क्लबचे कार्य जुहू येथून चाले. याच क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास भारतीय वैमानिकाने एकट्याने व ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा, अशी त्याची अट होती. या पारितोषिकासाठी मनमोहन सिंग, अ‍ॅस्पी इंजिनिअर व जे. आर. डी. टाटा हे तिघे तरुण पुढे आले. तिघांकडेही जिप्सी मॉथ विमानेच होती. अ‍ॅस्पी इंजिनिअर यांचे वय तेव्हा अवघे १७ वर्षांचे होते.

अ‍ॅस्पी २५ एप्रिल १९३० रोजी इंग्लंडमधील क्रॉयडनहून निघाले. टाटा ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तेथे इंजिनाच्या प्लगसाठी खोळंबले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि अ‍ॅस्पी यांनी आपले जीवरक्षक जाकीट टाटांना भेट दिले. ११ मे रोजी अ‍ॅस्पी कराचीस पोचले. तेव्हा टाटांचा इंग्लंडचा प्रवास अपुरा होता. पारितोषिक अ‍ॅस्पी यांना मिळाले. मनमोहन सिंग यांनीही ‘मिस इंडिया’ नावाच्या आपल्या विमानातून इंग्लंड ते भारत प्रवास एकट्याने पूर्ण केला. तथापि वाटेत दक्षिण फ्रान्समध्ये विमान उतरविणे भाग पडल्याने त्यांची मुदत उलटली आणि ते पारितोषिकास अपात्र ठरले.

हा प्रसंग टाटांच्या खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यातून आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, हजारो मैलांची शर्यत मूठभर प्लगांवर अडली होती. दुसरी म्हणजे, मनमोहन सिंग यांचे धैर्य इतर दोघांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. त्यांना वगळले ते कालमर्यादेच्या अटीने. पारितोषिकाच्या यादीवरून पराक्रमाचा इतिहास लिहिणे त्यामुळेच अपुरे ठरते.

जबलपूरचे पेट्रोल

मेलबर्नच्या शताब्दीनिमित्त मॅकफर्सन रॉबर्टसन या उद्योजकाने पुरस्कृत केलेली शर्यत २० ऑक्टोबर १९३४ रोजी इंग्लंडमधील मिल्डनहॉल येथून सुरू झाली. अंतर सुमारे ११,३०० मैल होते. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन व चार्लव्हिल येथे थांबणे सक्तीचे होते. यांखेरीज अन्य २२ ठिकाणी इंधन व तेलाचा साठा ठेवण्यात आला होता. शर्यतीचा खरा नकाशा या साठ्यांनीच आखलेला होता.

जिम मॉलिसन आणि त्यांच्या पत्नी एमी जॉन्सन यांनी इंग्लंड ते कराची हे अंतर विक्रमी वेळेत कापले. कराचीनंतर रात्रीच्या प्रवासात त्यांची वाट चुकली आणि त्यांना जबलपूर येथे उतरावे लागले. जबलपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडातच मोडत असे. तेथे शर्यतीच्या विमानाला लागणारे उच्च प्रतीचे इंधन नव्हते. स्थानिक बस कंपनीकडील पेट्रोल भरून ते निघाले. त्या इंधनाने इंजिनात बिघाड झाला. अलाहाबाद कसेबसे गाठले गेले, पण त्यांची शर्यत तेथेच संपली. त्यांच्याच प्रकारच्या विमानातून स्कॉट व कॅम्पबेल ब्लॅक यांनी सुमारे ७१ तासांत मेलबर्न गाठून शर्यत जिंकली.

जबलपूरकरांना या अपयशासाठी दोष देता येत नाही. त्यांनी जवळ होते ते इंधन दिले. प्रांताच्या अंतर्भागातून विमाने जात होती, पण त्यांच्यासाठी जमिनीवरची तजवीज नव्हती, हे वास्तव या प्रसंगाने उघड केले. याच शर्यतीत के. एल. एम. कंपनीचे डीसी-२ हे प्रवासी विमान दुसरे आले. प्रवासी आणि टपाल घेऊन, नेहमीच्या मार्गावरील तळांच्या आधाराने उडणारे विमान खास शर्यतीसाठी बांधलेल्या विमानांच्या बरोबरीला आले. वेगाइतकेच मोल व्यवस्थेलाही आहे, याचा हा पुरावा होता.

शर्यतीकडून सेवेकडे

भारतात हा धडा हवाई टपालाने गिरविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले. पारितोषिकाच्या शर्यतीत मागे राहिलेल्या वैमानिकाने वक्तशीर सेवेच्या क्षेत्रात आघाडी घेतली. अ‍ॅस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलप्रमुख होते.

मध्यप्रांत-वऱ्हाडास या बदलाचा लाभ १९४९ मध्ये दिसला. त्या वर्षी जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चारही दिशांची विमाने एका ठिकाणी वेळेवर आणणे म्हणजे एका अर्थी हँडिकॅपचेच गणित होते. येथे मात्र कोणी हरणारा नव्हता. जबलपूर येथे जी तजवीज नव्हती, ती पंधरा वर्षांनंतर नागपूर येथे उभी राहिली होती.

समारोप

वऱ्हाडापुरते पाहिल्यास ही प्रक्रिया अधिक संथ दिसते. अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी १९४३ मधील. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. रेल्वे नागपुरास पोचून तोवर १५८ वर्षे लोटली होती. बेलोरा येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणाही एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. या भागातील तरुणांना विमानविद्येचा मार्ग जवळ येण्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

आरंभीच्या शर्यतींचा विचार करता असे म्हणता येते की, धाडस ही विमानविद्येची पहिली अट होती, पण पुरेशी अट नव्हती. नियम योग्य नसला तर लिम्प्नेप्रमाणे निरुपयोगी विमान घडते. मुदतीची अट आडवी आली तर मनमोहन सिंग यांच्यासारखा वैमानिक नोंदीबाहेर पडतो. इंधन नसले तर विक्रमवीरही जबलपुरास अडतात. रेल्वेने ज्या गावास नाव दिले त्या गावास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गाडी दिसते, पण ती धावते रुळांवर, आणि ते रूळ कोणीतरी आधी टाकलेले असतात.