कन्हारीच्या भेगेतून नायलॉनपर्यंत

गोंडपिपरी तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. वर्धा येते ती काळ्या बेसाल्टच्या मुलखातून, त्याची झीज पोटात घेऊन. या बेसाल्टपासून झालेली काळी माती, म्हणजे कन्हार, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल इतकी भेगाळते. हा स्वभाव माँटमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीचा. तिचा एकेक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा, त्यावर ऋण भार, आणि तो भागवायला थरांच्या मध्ये बसलेले सोडियम-कॅल्शियमचे आयन. पाणी या आयनांभोवती शिरतं आणि थर दूर सरकतात. उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये अजैव नॅनोकण पसरवण्याचं जे तंत्र आज प्रगत म्हणून ओळखलं जातं, त्याची एक मोठी शाखा याच फुगण्याच्या अभ्यासातून निघाली, असं माझं मत आहे. तिचं मूळ मोटारीच्या कारखान्यात शोधणं चूक ठरेल.

प्रचलित कथा थोडक्यात अशी. जपानमध्ये टोयोटाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेने 1980च्या दशकात चिकणमाती नायलॉन-6मध्ये थराथराने सुटी केली. पाचेक टक्के मातीने नायलॉन वाकण्याचं तापमान सुमारे 65 अंशांवरून 145 अंशांच्या पुढे गेलं, आणि त्या मिश्रणातून इंजिनाच्या टायमिंग बेल्टचं झाकण बनलं. पण माती पाण्याची, नायलॉन सेंद्रिय वळणाचं. दोघांचं जमलं ते मातीचा पृष्ठभाग बदलल्यामुळे. सोडियम काढून त्याच्या जागी 12 कार्बनच्या अमिनोलॉरिक आम्लाचा धनभारित रेणू बसवला होता. ही अदलाबदल मात्र टोयोटाची नव्हे. 1934मध्ये सी. आर. स्मिथ यांनी बेंटोनाइटवर, म्हणजे माँटमोरिलोनाइटने भरलेल्या चिकणमातीवर, सेंद्रिय क्षारांचे आयन चढवले होते, 1939मध्ये गिजकिंग यांनी मृदाविज्ञानाच्या अंगाने तेच तपासलं. जमीन खतातले आयन कसे धरून ठेवते, हा त्या काळच्या मृदाशास्त्राचा जिवंत प्रश्न होता. 1949मध्ये जॉर्डन यांनी असं लेपलेलं बेंटोनाइट सेंद्रिय द्रवांत फुगवून दाखवलं. कार्बनसाखळी बाराच्या आसपास पोचली की फुगणं एकदम वाढतं, हे त्यातून दिसलं.

मी अडकलो ते या बारा कार्बनांवर. टोयोटाच्या संशोधकांनी 2पासून 18पर्यंत कार्बनांची अमिनो आम्लं लावून पाहिली, आणि त्यांनाही नायलॉन-6 ज्यापासून बनतं त्या वितळलेल्या कॅप्रोलॅक्टममध्ये चांगली फुगलेली माती मिळाली ती साखळी लांबल्यावरच. आक्षेप असा घेता येईल की बारा कार्बनांची निवड सोयीची होती, कारण त्या आम्लाचं दुसरं टोक कॅप्रोलॅक्टमची साखळी सुरू करून देतं. हे खरंच आहे. पण ते टोक आखूड आम्लांनाही असतं. फरक लांबीने पडला, आणि लांबीचा धडा मातीच्या अभ्यासाने आधीच दिलेला होता. टोयोटाने तो तिथूनच उचलला, असा माझा अंदाज आहे.

या तंत्राचं मूळ असण्याचा दुसरा दावा शाईचा. काजळीचे सूक्ष्म कण डिंकाने पाण्यात तरंगत ठेवण्याची युक्ती बेंटोनाइटच्या प्रयोगांहून शतकानुशतकं जुनी आहे. तरीही मी तिला चुलत घराणंच म्हणेन, कारण तिथे डिंक कणाला वेढून बसतो, पृष्ठभागावरचा आयन बदलत नाही. सिलिकाचे कण सिलेन या जोडरेणूने प्लास्टिकला जोडण्याची रीत 1940च्या दशकात काचतंतूंवरून आली. तिचं कूळ खरोखर वेगळं, आणि तिथे माझा दावा चालत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गलगली, रमेश आणि लेले यांनी पॉलिप्रॉपिलिनमधली माती तपासली आणि 2001मध्ये निष्कर्ष मांडला. वितळलेलं मिश्रण घनासारखं वागतं, ते थरांमध्ये कोंडलेल्या साखळ्यांमुळे, असा समज होता. त्यांनी ते मातीच्या थरांच्या आपसातल्या घर्षणावर नेऊन ठेवलं. म्हणजे प्लास्टिकमध्ये गेल्यावरही माती आपल्या थरांच्या स्वभावानेच वागते. माझ्या मताला याहून चांगला आधार मला माहीत नाही.

उष्णतेपाशी मात्र हे जुनं कूळ अडखळतं. मातीवर चढवलेल्या धनभारित सेंद्रिय रेणूंचा, म्हणजे अल्किल अमोनियमचा, लेप 200 अंशांच्या आसपास तुटू लागतो, आणि पॉलिइमाइडसारखं बहुवारिक तयार होतानाच 300 अंशांपर्यंत तापवावं लागतं. 1993मध्ये टोयोटाच्याच लोकांनी माती आधी द्रावणात, पॉलिइमाइडचं पूर्वरूप असलेल्या पॉलिअमिक आम्लाबरोबर पसरवली आणि मग तापवली. थर सुटे झाल्यानंतर लेप तुटला तरी भोवतालची साखळी त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, असं मी त्याचं कारण लावतो. वितळवून मिसळायचं असेल तर ही पळवाट बंद होते. तिथे अमोनियमच्या जागी अधिक ताप सोसणारे फॉस्फोनियम किंवा इमिडाझोलियमचे लेप लागतात. पण तेही मातीवर चढतात ते त्याच आयनबदलाने, ज्याने कन्हार खतातलं पोटॅशियम धरून ठेवते.