पोटरीतला गोळा आणि लॅक्टिक आम्ल

धावताना पोटरीत गोळा का येतो? पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर बहुधा एका ओळीत असते: ऑक्सिजन अपुरा पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि गोळा येतो. शिक्षकांच्या शिबिरांतून आम्हीही हेच सांगत आलो. एकदा एका बाईंनी विचारले, "मग पहाटे झोपेत गोळा येतो, तेव्हा आम्ही कुठे धावत असतो?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे जुने शोधनिबंध काढून बसलो, तेव्हा कळले की या उत्तराला पहिला धक्का १९३० सालीच बसला होता.

दमलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल असते हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. पण ते मोजायला गेले की दर वेळी निराळा आकडा येई. मोजण्यासाठी स्नायू कुटावा लागे आणि कुटता कुटता त्यात आणखी आम्ल तयार होई. म्हणजे मोजणारा जे मोजत होता, त्यातले बरेचसे त्यानेच निर्माण केलेले! १९०७ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी बेडकाचा स्नायू बर्फासारख्या गार अल्कोहोलमध्ये घालून कुटला. गारठ्यामुळे रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबल्या. आता आकडे जुळू लागले. विश्रांती घेतलेल्या स्नायूत आम्ल अगदी थोडे, दमवलेल्यात पुष्कळ आणि दमलेला स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला तर ते हळूहळू नाहीसे होई. (हे हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले तेच.)

प्रयोग सुंदर आहे आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र तो दमण्याविषयीचा प्रयोग आहे, गोळ्याविषयीचा नव्हे. दमलेल्या स्नायूत आम्ल असते, दमलेल्या स्नायूत गोळाही येतो, तेव्हा एकामुळे दुसरे होत असणार, ही जोड नंतरची. त्या काळी तर स्नायूचे आकुंचनच लॅक्टिक आम्लामुळे होते असे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत.

कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी १९३० मध्ये बेडकांवर आयोडोअ‍ॅसेटिक आम्लाचा प्रयोग केला. या विषामुळे स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होणेच बंद पडते. तरीही स्नायू काही वेळ व्यवस्थित आकुंचन पावत राहिले, आणि नंतर लाकडासारखे ताठ झाले. आम्लाचा पत्ता नाही आणि स्नायू मात्र आखडलेला!

माणसातला असाच दाखला लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये मांडला. तीस वर्षांच्या एका रुग्णाला लहानपणापासून थोड्याशा श्रमानेही स्नायू दुखण्याचा आणि आखडण्याचा त्रास होता. मॅकआर्डल यांनी त्याच्या दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला आणि हाताला व्यायाम करायला लावला. कोणाही निरोगी माणसाच्या रक्तात अशा वेळी लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढते. याच्या रक्तात ते वाढले नाही. हात मात्र आखडला. ग्लायकोजेन फोडणारे विकर या रुग्णांच्या स्नायूंत नसते हे १९५९ मध्ये उलगडले. हे आखडणे आपल्या नेहमीच्या गोळ्याहून वेगळे आहे, हेही सांगायला हवे. पण स्नायू आखडायला लॅक्टिक आम्ल लागतेच असे नाही, एवढे त्यावरून पक्के झाले.

मग मीठ? इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळशाच्या खाणींत मजुरांना गोळे येत. घाम लिटरवारी जाई आणि वर ते नुसतेच पाणी पीत. १९२३ मध्ये मॉस यांनी त्यांचा अभ्यास केला. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्याला हे आजही लागू आहे. गादीवर निजलेल्याला ते कसे लागू पडणार?

बाईंच्या प्रश्नाकडे नेणारी वाट आम्हाला १९५७ च्या एका निबंधात सापडली. नॉरिस आणि सहकाऱ्यांनी गोळा आलेल्या स्नायूंतील विद्युत्‌संकेत नोंदवले. मॅकआर्डलच्या रोगात आखडलेला स्नायू विजेच्या दृष्टीने शांत असतो. इथे तर संकेतांचा नुसता कल्लोळ होता. म्हणजे स्नायूला 'आवळ' असा हुकूम मज्जातंतूकडून सारखा येत होता. आधीच आखूड झालेला स्नायू जोराने आवळला की हा कल्लोळ सुरू होण्याचा संभव जास्त. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते आणि पोटरी आखूड. त्यात पांघरुणाचा भार. अशा वेळी नुसता आळस दिला तरी पुरते.

स्नायू ताणला की उलटा संदेश जातो आणि हुकूम थांबतो. घरातली मोठी माणसे गोळा आल्यावर पायाचा अंगठा धरून पाऊल गुडघ्याकडे ओढतात. लॅक्टिक आम्लच कारण असते, तर ते क्षणभराच्या ओढण्याने कुठे गेले असते, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्या बाईंना आम्ही पत्राने हेच कळवले.