हरताळ आणि वज्रलेप : बडोद्यातील भित्तिचित्रविद्या

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात भिंतीवरील चित्रांविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ग्रंथ कपाटात राहतो, चित्र भिंतीवर. दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. एखाद्या केलेल्या कामावर ‘हरताळ फासला’ असे आपण म्हणतो. (बंद पाळण्याचा हरताळ निराळा, त्याचा संबंध हाटाला लावायच्या टाळ्याशी आहे.) हा हरताळ म्हणजे पिवळे खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरावर हरताळाचा लेप देई व तो वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिही. याच हरताळाने चितारी कृष्णाचा पीतांबर रंगवीत असे. पोथीतील दंड आणि समाप्तीची ओळ ज्या हिंगुळाने लाल होई, तोच हिंगूळ भिंतीवरच्या चित्रातही दिसे. आणि शाईचे काजळ तेच चित्राच्या रेषेचे काजळ. लेखनिक आणि चितारी यांची सामग्री एकच होती. म्हणून भित्तिचित्रविद्येचा विचार ग्रंथालयाने करणे अस्थानी नाही; बडोद्यात तर नाहीच नाही.

भिंतीवर चित्र काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात जखडले जातात. जयपूरकडील कारागीर ही पद्धत वापरीत आले. दुसरीत गिलावा पूर्ण वाळू देतात आणि रंग डिंकात किंवा सरसात कालवून वर बसवतात. अजिंठ्याची चित्रे या दुसऱ्या पद्धतीची आहेत. तेथे खडकावर भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ व परदेशातून आलेला राजावर्ताचा निळा अशी योजना आढळते.

कोरड्या भिंतीचे दोन लाभ आहेत. चितारी सावकाश काम करू शकतो, चुकले तर पुसू शकतो. शिवाय ओल्या चुन्याच्या तीव्र क्षारात जे रंग टिकत नाहीत, त्यांतले काही येथे वापरता येतात. हानी एकच आहे, पण मोठी आहे. रंग भिंतीत शिरलेला नसतो, तिच्यावर बसलेला असतो. ओल आली, सरस सुटला, की चित्र पोपड्यापोपड्याने गळून पडते. कोरड्या भिंतीवरच्या चित्राचे आयुष्य छपराच्या कौलांवर आणि घरातल्या माणसांच्या लक्षावर अवलंबून असते.

या विद्येचे जुने संस्कृत ग्रंथ छापून जगापुढे आणण्याचे काम ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यांत बडोद्याचा मान मोठा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. त्याच्या संस्कृत विभागातील हस्तलिखितांच्या आधारे १९१६ मध्ये ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ सुरू झाली आणि पुढे १९२७ मध्ये त्या विभागातून प्राच्यविद्यामंदिर ही स्वतंत्र संस्था झाली. या मालेत भोजाचा ‘समरांगणसूत्रधार’ १९२४-२५ मध्ये, ‘अपराजितपृच्छा’ १९५० मध्ये आणि डॉ. प्रियबाला शहा यांनी संपादिलेला ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणाचा तिसरा खंड १९५८ मध्ये निघाला. या खंडातच सुप्रसिद्ध ‘चित्रसूत्र’ आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ श्रीगोंदेकरांनी संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये आणि चित्रकर्माचे प्रकरण असलेला दुसरा भाग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीच्या अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ परिचित आहे तो त्याच्या गीतविषयक प्रकरणातील मराठी पंक्तींमुळे. इ. स. ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण भाषेच्या पुराव्यासाठी चाळतो आणि चित्रकर्माची पाने उलटून पुढे जातो.

ती पाने थांबून वाचण्यासारखी आहेत. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवावे, त्या लगद्याच्या कांड्या करून उन्हात वाळवाव्या, हा ‘वज्रलेप’. काम करताना कांडी मातीच्या भांड्यात गरम पाण्याने विरघळवावी, तीत पांढरी माती कालवावी आणि वाळलेल्या गुळगुळीत भिंतीवर तीन वेळा लेप द्यावा. पुढे शंखाच्या चूर्णाचा लेप, आणि त्यावर चमकदार पांढऱ्या खनिजाचा लेप हलक्या हाताने घोटावा. भिंत अशी आरशासारखी स्वच्छ झाली की मग चित्राचा आरंभ. रेखाटनासाठी काजळ आणि भात यांच्या लगद्याची कांडी. रंगासाठी वासराच्या कानाचे केस लाखेने बसवलेली कुंचली. पांढरा शंखाचा, तांबडा हिंगुळाचा, अळित्याचा किंवा गेरूचा, पिवळा हरताळाचा, काळा काजळाचा. आज ‘वज्रलेप’ म्हटले की आपल्याला पंढरीच्या विठ्ठलमूर्तीवर दिलेला रासायनिक लेप आठवतो. मूळ वज्रलेप सरसाचा होता, आणि भिंत व रंग यांना एकत्र धरणे हे त्याचे काम होते.

‘चित्रसूत्रा’ची कृती याहून गुंतागुंतीची आहे. विटांचे चूर्ण, माती, चुना, गुग्गुळ, मेण, गूळ, बेलफळाचा गर अशा वस्तू एकत्र करून ते मिश्रण महिनाभर मुरत ठेवण्यास तेथे सांगितले आहे. मूर्ती घडवण्याची विद्या मागणाऱ्या वज्र राजाला मार्कंडेय ऋषी प्रथम चित्र शीक म्हणतात, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. या संवादाला पुष्कळदा तत्त्वज्ञान म्हणून उद्धृत केले जाते. पण त्यात शिक्षणाचा एक साधा नियमही आहे. कोणतीही विद्या एकटी शिकता येत नाही.

हे ग्रंथ छापखान्यात जाण्याच्या कितीतरी आधी बडोद्यात भिंती रंगत होत्या. १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा वाडा रावपुऱ्यात आहे. मराठी पद्धतीचा हा लाकडी वाडा आणि त्यातील एकोणिसाव्या शतकातील सुमारे तीनशे चित्रे आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. रामायण, महाभारत आणि कृष्णलीला यांच्या शेजारी इंग्रज आणि मराठे यांची लढाई आहे, युरोपीय पोशाखातील आकृती आहेत. पुराण आणि नुकताच घडलेला इतिहास एकाच भिंतीवर, एकाच कुंचल्याने मांडलेला आहे. गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी सरदार-दरकदारांच्या मनाचे यापेक्षा खरे चित्र कोणत्याही बखरीत मिळणे कठीण. दिवाणांचे नाव वाड्याला राहिले. त्या चिताऱ्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. काळाने काही चित्रे पुसट केली आहेत, काही ठिकाणी पोपडे गेले आहेत.

त्या चिताऱ्यांनी ‘मानसोल्लास’ वाचला होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांची पोथी म्हणजे त्यांचा बाप किंवा काका. खल किती वेळ चालवावा, सरस किती पातळ असावा, हे ते पाहून आणि मार खाऊन शिकले असणार. ही परंपरा पुढे क्षीण झाली याची कारणे बडोद्याच्याच इतिहासात दिसतात. १८९० च्या सुमारास लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला आणि त्याच्या दरबारगृहासाठी राजा रविवर्म्याची चौदा तैलचित्रे तयार झाली. देवांची चित्रे भिंतीवरून चौकटीत आली, चौकटीतून शिळाछापावर आणि तेथून घरोघर गेली. त्याच वर्षी गज्जरांच्या हाताखाली कलाभवन सुरू झाले. तेथे रंगाचे नवे रसायन शिकवले जाऊ लागले. १८९७ पासून जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. ज्यांनी नवे आणले, त्यांनी जुने बुडवण्याच्या हेतूने आणले नव्हते. पण खल चालवणाऱ्या हाताला काम उरले नाही, आणि काम नसलेला हात दोन पिढ्यांत सारे विसरतो.

विसरलेले पुन्हा शिकता येते का, या प्रश्नाचे उत्तर देणारी वास्तूही बडोद्यातच आहे. गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरात शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाट्यातील दृश्ये आणि महाभारतातील युद्ध. नंदलाल हे पुस्तकी चित्रकार नव्हते. लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर तरुणपणी अजिंठ्यास जाऊन त्यांनी तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. पुढे ओल्या चुन्याची पद्धत शिकण्यासाठी त्यांनी जयपूरचे नरसिंगलाल यांना शांतिनिकेतनात पाचारण केले आणि तेथील जुन्या ग्रंथालयाच्या ओसरीच्या भिंतीवर त्यांच्याबरोबर काम केले. देशभर नाव झालेल्या आचार्याने कारागिराजवळ शिकावे, आणि त्यासाठी ग्रंथालयाची भिंत निवडावी, ही घटना प्रत्येक ग्रंथालयाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत, जेथे ना. श्री. बेंद्रे शिकवत होते, तेथे भित्तिचित्राला पुन्हा वर्गात स्थान मिळाले. अजिंठा, जयपूर आणि शांतिनिकेतन अशी वळणे घेत ही विद्या रावपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर परत आली.

तरीही ग्रंथ आणि हात यांतील अंतर मिटत नाही. ‘तीन लेप द्यावे’ असे ग्रंथ सांगतो. पहिला लेप किती वाळल्यावर दुसरा द्यावा, हे बोटच सांगते. सरस जास्त झाला तर वाळताना रंग ताणला जाऊन खपली सुटते. कमी झाला तर रंग बोटाला लागतो. हा मध्य ऋतूप्रमाणे बदलतो : वैशाखातला सरस श्रावणात चालत नाही. विटांवर पाटा फिरवताना येणारा आवाज बदलला की चूर्ण झाले, हे कोणत्या श्लोकात बसवावे? उलट, हात गेला तेव्हा ग्रंथ नसता तर वज्रलेप काय होता हेही आपल्याला कळले नसते. अजिंठ्याला १९२०च्या सुमारास आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून सद्भावनेने लाखेचे रोगण दिले; ते पिवळे पडून मूळ रंग झाकले गेले, आणि ते उतरवण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांना पडले. भिंत काय सोसते हे न जाणता केलेली सेवाही हरताळच फासते.

ग्रंथ, भिंत आणि हात हे या विद्येचे तीन साक्षीदार, आणि तिघेही थोड्या मैलांच्या परिघात आहेत असे शहर सहसा आढळत नाही. त्यांतील पहिल्याचे रक्षण ग्रंथालये करीत आली. दुसऱ्याचे रक्षण सरकारकडे आहे. तिसऱ्याचे कोणाकडेच नाही. चुना भिजवणारे, गिलावा घोटणारे, सरस शिजवणारे जे थोडे वृद्ध गवंडी व रंगारी गुजरातेत आणि महाराष्ट्रात अजून भेटतात, त्यांच्या तोंडचे शब्द, मापे आणि खुणा टिपून ठेवणे हे काम मराठी ग्रंथालयाच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी लागते एक वही आणि ऐकण्याची तयारी. ‘भिंत असेल तरच चित्र’ असा जुना न्याय आहे. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने ‘मानसोल्लासा’च्या शेजारी अशी एक वही ठेवली, तर पुढच्या शतकात तांबेकरवाड्याचा पोपडा सांधावयास बसणाऱ्या माणसाला तिचा उपयोग होईल.