बेबिंकेची कुळकथा

इतिहास म्हटला कीं सनावळ्या, ताम्रपट आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. पण कांहीं इतिहास बशींत वाढून येतो. नाताळच्या दिवसांत गोव्याहून आप्तांनीं आणलेली बेबिंका आपण आवडीनें खातों. ती कोठून आली, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत बिबिओना नांवाच्या एका धर्मभगिनीनें ती प्रथम केली. थर सात ठेविले, कारण लिस्बन व जुनें गोवें हीं दोन्ही शहरें सात टेकड्यांचीं. परंतु धर्मगुरूंना ती फारच लहान वाटली, म्हणून थर वाढवावे लागले! (आम्हां धर्मगुरूंच्या भुकेचा लौकिक जुनाच दिसतो.)

कथा गोड आहे. मला मात्र साहित्याची साक्ष अधिक भरंवशाची वाटते. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यास लागे, आणि उरलेल्या बलकांत साखर घालून धर्मभगिनी पक्वान्नें करीत. बेबिंकेंतही बलकच पडतात, तेही दहा-बारा. हा वारसा तिकडचा. नारळाचें दाट दूध व साजूक तूप हें इकडचें, आणि जायफळ मूळचें मोलुक्का बेटांचें. त्याच बाजूस, फिलिपाईन्समध्यें, तांदळाचें पीठ व नारळाचें दूध यांचा 'बिबिंका' नांवाचा पदार्थ वरखालीं निखारे ठेवून भाजतात. नाताळपूर्वीच्या पहांटेच्या मिस्सेनंतर लोक तो देवळाबाहेर खातात. नांवांचें हें साम्य निव्वळ योगायोग असेल, असें मला वाटत नाहीं.

सांता मोनिका मठ १६०६ सालीं स्थापन झाला. पोर्तुगीज सरकारनें १८३४ सालीं धर्मसंघ बरखास्त केल्यावर तेथें नव्या उमेदवारांस प्रवेश उरला नाहीं. १८८५ सालीं शेवटची धर्मभगिनी निवर्तली. मठ ओस पडला. बेबिंका गृहिणींनीं राखली.

आणि ती राखणें सोपें नव्हे. भांड्यांत तूप सोडून पळीभर मिश्रण ओतावयाचें, झांकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे रचावयाचे, कारण आंच वरून लागावी लागते. थर तांबूस झाला कीं पुन्हां तूप, पुन्हां पळी. सात थरांस दोन-तीन तास सहज जातात, आणि एक थर करपला तर सारे श्रम वायां. आज ती विजेच्या भट्टींत होते, दुकानांत खोक्यांत मिळते. त्या सोडणांच्या धुराचा गंध मात्र खोक्यांत येत नाहीं.

सुरी फिरली कीं कापाच्या कडेला पिवळ्या-तपकिरी रेघा उमटतात. जिभेवर प्रथम तूप उतरतें, मग जळूं पाहणाऱ्या साखरेचा किंचित कडवट गोडवा, मागाहून नारळ, आणि अगदीं शेवटीं जायफळ. मुलें एकेक थर सोलून खातात. वडील मंडळी त्यांना रागावतात, आणि पाठ फिरतांच स्वतःही तसेंच करितात. बेबिंका थंडगार खाऊं नये. किंचित ऊन करून घ्यावी, म्हणजे तिच्यांतील तूप जागें होतें.